आधी सातबारा, मग बेडी

पत्र: “मॅडम, मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात पीएसआय आहे. शिक्षण बी.एस्सी. ॲग्री. साडेतीन वर्षं पोलीस ठाण्यात काढली आणि चार महिन्यांपूर्वी आर्थिक गुन्हे शाखेत बदली झाली. बॅचमेट म्हणतात, ‘साइडला टाकलं तुला.’ माझ्याकडे एका पतसंस्थेचा तपास आहे. ठेवीदार अकराशेच्या वर, फिर्याद दोन महिन्यांपूर्वीची, ठेवी २०१९ पासूनच्या. टेबलावर खातेउताऱ्यांचे गठ्ठे पडलेत आणि मला जमा-नावेसुद्धा धड कळत नाही. अध्यक्ष गावात उजळ माथ्याने फिरतात, चौकशीला गेलं की चहा पाजतात. साहेब रोज विचारतात, अटक कधी? बाहेरच्या बाकावर ठेवीदार बसून असतात. एक आजी दर सोमवारी दोन एसट्या बदलून येतात, हातात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवपावती. ‘ताई, नातीच्या लग्नाआधी मिळतील ना गं?’ असं विचारतात. मी ‘मिळतील आजी’ म्हणते आणि रात्री मला झोप लागत नाही. ठाण्यात असताना चोरीला गेलेली मोटरसायकल परत दिली की माणसाच्या चेहऱ्यावर दिसायचं. इथे मी नेमकं काय करतेय तेच कळत नाही. बदली मागू का? की ईडी, सीबीआयच्या परीक्षेचा अभ्यास सुरू करू?”

उत्तर:

वयाने तू माझ्या धाकट्या मुलीएवढी असशील, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. मी खात्यात बत्तीस वर्षं काढली, त्यातली अकरा आर्थिक गुन्ह्यांत. आता या शाखेत नव्याने येणाऱ्या अधिकाऱ्यांचे वर्ग घेते. तू लिहिलंस ते दर वर्गात कुणी ना कुणी जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन हळूच बोलतं. तेव्हा तू एकटी नाहीस, एवढं आधी लक्षात घे.

परीक्षेचं लगेच सांगून टाकते. सीबीआयचा उपनिरीक्षक आणि ईडीचा सहायक अंमलबजावणी अधिकारी ही पदं स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधर परीक्षेतून भरतात. शिवाय दोन्हीकडे राज्य पोलिसांतून प्रतिनियुक्तीवर जाता येतं. तुला त्या वाटेनेच जायचं असेल तर खुशाल जा. पण तिथेही हेच खातेउतारे असतात, हेच गठ्ठे, फक्त शून्यं जास्त. हातातला गुन्हा दोषारोपपत्रापर्यंत नेलास की प्रतिनियुक्तीच्या अर्जात लिहायला तुझ्याकडे काहीतरी असेल. तोवर बदली मागू नकोस.

आता अटकेचं. माझी एक चूक तुला सांगते, कारण तुझे साहेब तुला नेमके त्याच चुकीकडे ढकलतायत.

माझ्याकडचा पहिला मोठा गुन्हा असाच एका पतसंस्थेचा होता. फिर्याद झाली, वर्तमानपत्रांत आरडाओरड झाली, वरून फोन सुरू झाले आणि मी आठव्या दिवशी अध्यक्षाला उचललं. फोटो छापून आला. ठेवीदारांनी कार्यालयाबाहेर पेढे वाटले. मग मी रिमांड, जबाब, पंचनामे यांत बुडाले. तीन आठवड्यांनी दुय्यम निबंधकांकडून नोंदणीचे उतारे मागवले तेव्हा कळलं, की अध्यक्ष आत असताना बाहेर त्याच्या भावाने मुखत्यारपत्राच्या जोरावर दोन प्लॉट फुंकून टाकले होते. बायकोने तिच्या नावावरचा बंगला सख्ख्या बहिणीला बक्षीसपत्राने दिला होता, तोही अटकेनंतर सहाव्या दिवशी. ती मालमत्ता परत ओढून आणायला कित्येक वर्षं गेली. पेढे वाटणाऱ्यांत एक निवृत्त एसटी कंडक्टर होते, ग्रॅच्युइटीची सगळी रक्कम त्यांनी तिथे ठेवली होती. वाटप सुरू झालं तेव्हा त्यांच्या नावची रक्कम त्यांच्या सुनेने वारस म्हणून सही करून नेली. त्या दिवशी मी तिच्याशी काय बोलले ते मला आठवत नाही, पण तिने पेन परत करताना ‘थँक्यू मॅडम’ म्हटलेलं आठवतं.

तेव्हा उद्या साहेबांनी ‘अटक कधी’ विचारलं की त्यांच्यापुढे मालमत्तेची यादी ठेव. अध्यक्ष, संचालक, व्यवस्थापक, त्यांच्या बायका, मुलं, जावई, मेहुणे, ड्रायव्हर आणि घरगडीसुद्धा, या सगळ्यांच्या नावांवर २०१९ पासून काय काय चढलं आणि काय उतरलं ते शोध. दुय्यम निबंधकांकडून सूची दोन (दस्तनोंदणीचा उतारा), गावोगावचे आठ-अ (जमिनीचे खातेउतारे) आणि फेरफार, आरटीओकडून वाहनं, डीमॅट खाती, विमा पॉलिसी, लॉकर. अध्यक्ष पळून जाईल अशी धास्ती असेल तर लुकआउट नोटिशीचा प्रस्ताव आजच कर. पण चहा पाजणारा माणूस सहसा पळत नाही. तो वेळ काढत असतो, आणि त्या वेळात कागद हलत असतात.

कायद्याची एक खाच इथे नीट समजून घे, कारण यात भलेभले अडकतात. बँक खातं गोठवायला पोलीस बीएनएसएसचं, म्हणजे नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १०६ वापरतात. बँकेला पत्र दे आणि न्यायालयाला कळव. जमीन आणि घराला ते चालत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली पोलिसांना स्थावर मालमत्ता जप्त करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नेवाडा प्रॉपर्टीज प्रकरणात स्पष्ट केलं. ते प्रकरण आपल्या महाराष्ट्रातूनच गेलेलं होतं, आणि १०६ ची भाषा तीच आहे. स्थावरासाठी आपल्याकडे एमपीआयडी आहे, ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा. तू प्रस्ताव करायचास, शासन कलम ४ खाली जप्तीचा आदेश काढतं, उपजिल्हाधिकारी किंवा त्यावरच्या दर्जाचा सक्षम प्राधिकारी पुढची सूत्रं घेतो आणि विशेष न्यायालय जप्ती कायम करतं. बहिणी-मेहुण्यांच्या नावावर वळवलेल्या मालमत्तेसाठी त्याच कायद्यात कलम ८ आहे. माझ्या त्या बंगल्यासाठी मी तेच वापरलं, पण उशिरा. आता बीएनएसएसच्या १०७ ने आणखी एक वाट उघडली आहे. पोलीस अधीक्षकांची मंजुरी घेऊन तू थेट न्यायालयात अर्ज करू शकतेस, आणि मालमत्ता गुन्ह्याच्या पैशातली ठरली तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ती पीडितांना वाटता येते.

अध्यक्षाचा वकील म्हणेल, या ठेवी नव्हत्याच, भागभांडवल होतं, उसनवारी होती. घाबरू नकोस. एमपीआयडीतली ठेवीची व्याख्या मुळातच ऐसपैस आहे, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवताना ती तशीच ऐसपैस वाचली आहे.

प्रस्ताव मंत्रालयात जातो आणि फिरत राहतो, हे मी तुला खोटं सांगणार नाही. म्हणून तो अर्धवट पाठवायचा नाही. गट क्रमांक चुकला, चतुःसीमा राहिल्या, सहहिस्सेदाराचं नाव सुटलं, की फाइल त्रुटी लावून परत येते आणि दोन महिने गेले समज. एकेक सातबारा स्वतः डोळ्यांखालून घाल. आणि आदेश येईपर्यंत दुय्यम निबंधक व तहसीलदार यांना गुन्ह्याची माहिती देणारी पत्रं पाठवून पोच घे. कायद्याने त्या पत्राने विक्री अडत नाही, पण नंतर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय कुणाला राहत नाही.

अटकेची घाई नको, याला आणखी एक कारण आहे. न्याय संहितेचं ३१६(५), विश्वासघाताचं कलम, लावलं आहेस ना? त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, म्हणजे पहिल्या रिमांडपासून ९० दिवस. त्यात दोषारोपपत्र गेलं नाही की आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. अकराशे ठेवीदारांचे जबाब आणि सहा वर्षांची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, तुला त्या नव्वद दिवसांत बसवायची आहे. घड्याळ तुझ्या हाताने सुरू होतं, तेव्हा तयारी झाल्यावर सुरू कर. आणि कलमं पुन्हा एकदा बघ. ठेवी २०१९ पासूनच्या आहेत. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेल्याला भारतीय दंड संहिताच लागणार, ४२० आणि ४०९. त्यानंतरच्याला न्याय संहितेचं ३१८ आणि ३१६. ठेवींची यादी करतानाच तारखेप्रमाणे दोन रकाने पाड, पुढे फार त्रास वाचेल.

आता तुझा जमा-नावेचा प्रश्न. हे वाचून मला खरं तर बरं वाटलं, कारण कळत नाही असं म्हणणारा माणूस शिकतो. जिल्ह्याला सहकार खात्याचा विशेष लेखापरीक्षक असतो. त्याच्याकडे आठवड्यातून एक तास मागून घे, वही घेऊन बस. संस्थेत आलं ते जमा, बाहेर गेलं ते नावे, इथून सुरुवात कर. रोजकिर्दीतली एक नोंद खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, कुठे जाते, खतावणीतून तेरजेत, म्हणजे खात्यांच्या शिलकांच्या यादीत, कशी येते आणि तेरजेतून ताळेबंदात कुठे बसते, एवढं बोट ठेवून दहा नोंदींचं करून बघ. दोन महिन्यांत तुला ताळेबंद वाचता येईल. तो तयार करता यायची गरज नाही.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लाव. कागदावर लिहिलेली वस्तू जागेवर आहे का, ते जाऊन बघायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईतल्या न्यू इंडिया सहकारी बँकेचा गुन्हा दाखल झाला, १२२ कोटींच्या रोकडीचा. हिशेबात पैसे तिजोरीत होते, तिजोरीत नव्हते. २०१९ च्या पीएमसी बँकेत उलट प्रकार होता. एकाच बांधकाम समूहाची थकलेली कर्जं झाकायला २१ हजारांवर बनावट खाती दाखवली होती. त्या खातेदारांपैकी एकाचं दार कुणी तपासणीत ठोठावलं असतं तरी पुरलं असतं.

आणि इथे तुझं शेतीचं शिक्षण कामाला येतं, ते तुला बिनकामाचं वाटतंय. पतसंस्थेच्या कर्जाच्या फायली काढ. द्राक्षबागेसाठी, शेडनेटसाठी, ठिबकसाठी दिलेली कर्जं बाजूला घे आणि त्या गटांच्या पीक पाहणीच्या नोंदी जोड. कागदोपत्री तीन एकर द्राक्षं आणि सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं ‘पड’ किंवा ज्वारी, अशी फाइल सापडली की ते कर्ज बोगस असण्याची दाट शक्यता, आणि पैसे कर्जदाराच्या खात्यातून त्याच आठवड्यात कुठे गेले ते बघायचं. त्या जमिनीत द्राक्ष येईल का, पाणी आहे का, हे सीएला कळणार नाही. तुला बांधावर उभं राहून कळेल.

अशीच एक फाइल मी अजून विसरलेले नाही. संचालकाच्या भाच्याला दिलेलं कर्ज, तारण करारनामा व्यवस्थित, सह्या, साक्षीदार, फोटो, सगळं जिथल्या तिथे. मी ती फाइल तीनदा वाचून ‘ठीक’ म्हणून बाजूला ठेवली होती. चौथ्यांदा माझ्याबरोबरच्या हवालदाराने शंभराचा स्टॅम्पपेपर उलटा केला. मागे मुद्रांक विक्रेत्याने नेहमीप्रमाणे अनुक्रमांक, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहिलेली होती. करारनामा २ फेब्रुवारीचा, स्टॅम्पपेपर विकला ११ मार्चला. आम्ही विक्रेत्याचं रजिस्टर ताब्यात घेतलं. त्याच पानावर ओळीने चौदा स्टॅम्पपेपर, एकाच माणसाने एकाच दुपारी घेतलेले. लेखापरीक्षण लागणार म्हटल्यावर चौदा कर्जांचे कागद मागाहून केले होते. उलटतपासणीत त्या एका पानापुढे बचावाचं काही चाललं नाही. कागद उलटा करून बघण्याचं हे काम ज्याला साइडचं वाटतं त्याला वाटू दे. मी भर चौकात गुंड पकडले आहेत, पण त्या दुपारइतका आनंद मला कधी झाला नाही.

संस्थेच्या संगणकाचं काम अजून झालं नसेल तर आजच कर. सर्व्हर ताब्यात घेताना बीएनएसएसच्या १०५ प्रमाणे झडतीचं चित्रीकरण, फॉरेन्सिक तज्ज्ञाकडून डेटाची हुबेहूब प्रत, आणि साक्ष अधिनियमाच्या ६३ चं प्रमाणपत्र, त्यात हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे डेटा बदललेला नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासकट. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीकडे बॅकअप असतो, त्याचीही प्रत माग. दोन्हींत जिथे फरक दिसेल तिथे कुणीतरी हात घातलेला आहे.

पिग्मी एजंटांबद्दल जरा थांबून विचार कर. लोकांचा पहिला राग त्यांच्यावरच निघतो, कारण दारात तेच यायचे. काही सामील असतात, कमिशनच्या लोभाने डोळे मिटून घेतात. पण बरेचसे स्वतःच्या आईची ठेवही तिथेच ठेवून बसलेले असतात. सगळ्यांना सरसकट आरोपी केलंस तर कमी पगाराचे तीस आरोपी मिळतील आणि साक्षीदार एकही उरणार नाही. त्यांची रोजची वही आणि कलेक्शन मशीनमधली नोंद संस्थेच्या रोजकिर्दीशी ताडून बघ. ज्याने गोळा केलेला पैसा न् पैसा भरलेला दिसतो, त्याचा जबाब साक्षीदार म्हणून घे.

आणि फोन येतील. संचालकांत कुणी ना कुणी राजकारणातला असतोच. नम्रपणे ऐकायचं, ‘साहेब, आपलं म्हणणं लेखी द्या’ म्हणायचं आणि फोन ठेवल्यावर वेळेसकट स्टेशन डायरीत नोंद करायची. चहाही आता बंद कर. तू पाणी पिऊन आलीस तरी चालेल. ठेवीदार तुझ्याकडे बघत असतात.

त्या बाकाकडे येते, कारण तुझी झोप तिथे अडकली आहे.

‘मिळतील आजी’ हे म्हणणं बंद कर. तू मनाने चांगली आहेस म्हणून म्हणतेस, पण तुझ्या तोंडचा तो शब्द आजी घरी जाऊन मुलाला सांगतात, मुलगा सोयऱ्यांना सांगतो आणि लग्नाची तारीख त्या शब्दावर धरली जाते. खरं सांग. सांग, की पतसंस्थेच्या ठेवीला बँकेसारखा पाच लाखांचा विमा नसतो. सांग, की मालमत्ता सापडेल, न्यायालय लिलाव करायला सांगेल आणि मग वाटप होईल, त्याला वर्षं लागतात आणि पूर्ण रक्कम क्वचितच हाती येते. हे ऐकून त्या रडतील, तुझ्यावर चिडतीलही. तू समोर बसून राहा. मग आज काय केलंस ते सांग: ‘आजी, या आठवड्यात अध्यक्षाच्या अमुक जमिनीचा प्रस्ताव पाठवला.’ बाकावरच्या लोकांना दर सोमवारी पाच मिनिटं एवढंच सांगितलंस तरी गर्दीचा सूर बदलतो. मी हे करून बघितलं आहे. एका बाईंनी मला सांगितलं होतं, पैसे नाहीत हे कळल्यावर त्यांनी निदान मुलाला कॉलेजच्या फीसाठी वेळेत दुसरीकडे हात पसरायला लावला.

शिवाय त्या बाकावर तुझा सगळ्यात भक्कम पुरावा बसलेला आहे, हे तुझ्या लक्षात आलेलं दिसत नाही. संस्थेची रोजकीर्द गहाळ करता येते, सर्व्हर पुसता येतो. अकराशे घरांतल्या ट्रंकांमधल्या पावत्या अध्यक्षाला गोळा करता येणार नाहीत. प्रत्येक पावतीवर क्रमांक आहे, तारीख आहे, शिक्का आहे, कुणाची तरी सही आहे. सगळ्या पावत्यांच्या प्रती घेऊन क्रमांकाने लाव. मधले क्रमांक कुठे गळले, एकच क्रमांक दोनदा कुठे आला, ज्या दिवशी ठेवी घेतल्या त्या दिवशी संस्थेच्या बँक खात्यात किती भरणा झाला, हे बघितलंस की संस्थेच्या हिशेबाबाहेर पैसा कधीपासून जायला लागला ती तारीख तुला मिळेल. सगळ्या तपासाला तीच तारीख लागते. मुदत ठेवींचं नूतनीकरण झालं असेल तर पावतीच्या मागच्या बाजूला नोंद असते. संस्था डबघाईला आल्यावर ठेवीदाराला न विचारताच नूतनीकरण दाखवून पैसे अडकवून ठेवल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत.

सोमवारी आजी आल्या की त्यांना बाकावरून आत बोलव, खुर्ची दे, पाणी दे. ती प्लास्टिकची पिशवी उघडायला सांग. पावती उलटी कर आणि मागे नूतनीकरणाची सही असेल तर आजींना विचार, ती त्यांनीच केली आहे का.